वकील नसला तरी कोर्टात जाता येतं का? घरातल्या हिंसेविरुद्ध संरक्षण मागताना बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, बेळगावच्या आसपासची गावं, अधूनमधून हल्याळ आणि भालकी. प्रश्न कुठूनही आले तरी फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा सगळे एका जागी मांडले. मी वकील नाही. अंगणवाडीच्या कामात असताना एकीचा अर्ज लिहायला बसले, मग दुसरीचा, आणि ते चालूच राहिलं. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

जिवाला आत्ता धोका असेल तर पुढचं वाचत बसू नका. 112 लावा. वाचत असाल आणि तुमचा फोन घरात कुणी तपासत असेल, तर वाचून झाल्यावर हिस्टरी पुसा आणि फोन शक्यतो शेजारणीच्या मोबाइलवरून करा.

1. वकील न लावता अर्ज करता येतो म्हणतात, ते खरं की नुसतं म्हणायला?

खरं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा 2005 सालचा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून. त्याच्या कलम 12 खाली बाई स्वतः, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीनं दुसरं कुणीही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्याला जेएमएफसी कोर्ट म्हणतो तिथं, अर्ज देऊ शकतं. अर्जाचा नमुना ठरलेला आहे, नमुना 2. तो भरायला संरक्षण अधिकाऱ्यांची मदत मागता येते, असं नियमांतच लिहिलंय. पण वकील नको म्हणजे कुणाचीच मदत नको, असं समजू नका. एकटीनं करण्यासारखं हे काम नाही. कुठं अडतं ते प्रश्न 17 मध्ये आहे.

2. मला नवऱ्याला तुरुंगात घालायचं नाही. फक्त मार थांबायला हवा. मग ही पोलीस केस होते का?

नाही. दहापैकी आठ जणी याच भीतीनं मागं फिरतात, म्हणून नीट सांगते. या कायद्यात अर्ज दिला म्हणून कुणाला अटक होत नाही. कोर्ट आदेश देतं: मारू नको, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नको, घराबाहेर काढू नको, महिन्याला इतके पैसे दे, तिचे दागिने परत कर. तुरुंगाचा विषय निघतो तो आदेश मोडल्यावर (प्रश्न 14).

छळाची फिर्याद ही वेगळी वाट. पूर्वीचं 498अ आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85 झालंय, 1 जुलै 2024 पासून. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येतात, पण एकीसाठी दुसरी धरलीच पाहिजे असं नाही. ठाण्यात कुणी सांगत असेल की आधी एफआयआर कर, मगच संरक्षण मिळेल, तर ते चूक आहे.

3. तो हात उचलत नाही. पण कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा होतात ते एटीएम कार्डसुद्धा त्याच्याच खिशात. याला हिंसा म्हणतात का?

म्हणतात. कायद्यात चार प्रकार धरलेत: शारीरिक, लैंगिक, शब्दांनी आणि मनाला होणारी, आणि आर्थिक. कार्ड काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकणं, तंबाखूच्या वखारीतली किंवा विडीची मजुरी हिसकावणं, हे सगळं आर्थिक हिंसेत येतं. मूल होत नाही म्हणून किंवा मुलगीच झाली म्हणून टोमणे मारणंही कायद्यात नाव घेऊन लिहिलेलं आहे.

4. सुरुवात कुठून करू?

तीन दारं आहेत. जे जवळ असेल आणि जिथं आपलं माणूस भेटेल, ते आधी ठोठवा.

पहिलं, तालुक्याचं महिला व बालविकास खात्याचं ऑफिस. आपल्याकडं बहुतेक तालुक्यांत सीडीपीओच (बालविकास प्रकल्प अधिकारी) संरक्षण अधिकारी म्हणून काम पाहतात. कन्नडात ‘रक्षणाधिकारी’ म्हणा, शिपायालाही कळतं. अंगणवाडी ताईला विचारलंत तर तीच ऑफिसपर्यंत नेऊन सोडेल, ती महिन्यातून चारदा तिथं जात असते.

दुसरं, कोर्टाच्या आवारातलं कायदा सेवा समितीचं ऑफिस. तालुक्याला समिती असते, बेळगावला जिल्हा प्राधिकरण. 1987 च्या कायद्यानं प्रत्येक बाईला तिथं मोफत मदत मिळते, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. शेत आहे, नवरा नोकरीत आहे, म्हणून ‘तुम्हाला बसत नाही’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे म्हणा, बाईला उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

तिसरं, 181. तिथून जवळचं सखी केंद्र किंवा सांत्वन केंद्र (अडचणीतल्या बायांना मदत देणारी केंद्रं) कुठं आहे ते सांगतात. रात्री घराबाहेर काढलं असेल तर हेच पहिलं.

पोलीस ठाण्यात गेलात तरी तुमचे हक्क आणि संरक्षण अधिकाऱ्यांचं नाव सांगणं हे तिथल्या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत, आधी कागद आण म्हणून परत पाठवताही येत नाही.

5. अर्जात नेमकं काय लिहायचं?

बहुतेक अर्ज इथंच कमजोर होतात. एक बाई शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेऊन आली होती. तीन ओळी. ‘नवरा नेहमी मारतो. सासू त्रास देते. मला न्याय पाहिजे.’ खरंच होतं सगळं, पण यावर न्यायाधीशांनी आदेश द्यायचा कशाचा?

मी विचारलं, शेवटचं कधी मारलं? तिला तारीख आठवेना. मग म्हणाली, बेंदराच्या आदल्या दिवशी. बैलाला रंगवायला आणलेला डबा त्यानं फेकून मारला होता. डबा कुठं लागला? कोपराला. दवाखाना? नाही, हळद लावली. घरात कोण होतं? थोरला मुलगा, सातवीतला. त्यानं काय केलं? तो रडला नाही, म्हणाली, त्यानं जमिनीवरचा रंग पुसला.

हे सगळं अर्जात आलं. कॅलेंडर उघडून तारीख काढली. अशा चार घटना झाल्या: पहिली, सर्वांत वाईट, शेवटची आणि एक पैशाची. एवढ्या पुरतात.

घटनांनंतर मागणी. इथंही ‘न्याय पाहिजे’ लिहू नका. कायद्यात कलमवार मिळण्याजोगं आहे: मारहाण आणि धमक्या थांबवणारा संरक्षण आदेश (18), घरात राहण्याचा किंवा भाड्याच्या घराचा (19), महिन्याचा खर्च आणि दवाखान्याचं बिल (20), मुलांचा तात्पुरता ताबा (21), नुकसानभरपाई (22). पैसे मागताना आकडा घाला आणि तो कसा आला ते दाखवा: भाडं, किराणा, शाळा, औषध. स्त्रीधनाची यादी वजनासकट द्या. ‘सर्व दागिने’ म्हणाल तर एकही मिळणार नाही.

आणि एक, थोडं कडू. वाढवून लिहू नका. पुण्याला राहणाऱ्या आणि दोन दिवाळ्यांत घरी न आलेल्या नणंदेचं नाव नुसत्या रागानं घातलं, की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो आणि तुमचं खरं असलेलंही हलकं होतं. ज्यानं केलं त्याचंच नाव.

6. मला कन्नड येत नाही. मराठीत अर्ज चालेल का?

सरकारी अधिकाऱ्याकडे, म्हणजे संरक्षण अधिकाऱ्यांकडे किंवा पोलिसांकडे, मराठीत गाऱ्हाणं देता येतं. घटनेच्या कलम 350 नं तो हक्क दिलाय. कोर्टाचं कामकाज मात्र कन्नडात आणि इंग्रजीत चालतं, तिथं मराठी कागद टेबलावर पडून राहण्याचीच भीती जास्त. म्हणून माझी पद्धत अशी: आधी सगळं मराठीत लिहा, तुमच्या शब्दांत. मग सीडीपीओ ऑफिसात किंवा कायदा सेवा समितीच्या स्वयंसेवकाकडून नमुना कन्नडात किंवा इंग्रजीत भरून घ्या, मराठी कागद सोबत जोडा.

सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवायला सांगा. लाजू नका. एकदा ‘जानेवारीपासून वेगळी राहते’ याचं भाषांतर ‘स्वखुशीनं घर सोडलं’ असं झालेलं मी पाहिलंय, आणि त्या एका वाक्यानं पुढं वर्षभर डोकेदुखी केली.

काही शब्द ओळखून ठेवा: कौटुंबिक दौर्जन्य म्हणजे आपला कौटुंबिक हिंसाचार, जीवनांश म्हणजे पोटगी, दिनांक म्हणजे तारीखच, स्वीकृती म्हणजे पोच. स्वीकृती घेतल्याशिवाय कोणत्याही खिडकीवरून हलू नका. साक्ष देताना मराठीत बोलायला हरकत नसते, तिचं भाषांतर करून घेणं कोर्टाचं काम.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा तुमच्या अर्जाशी काही संबंध नाही, आणि भाषेवरून खिडकीवर भांडण काढण्यात तुमचाच दिवस जातो.

7. सासर गडहिंग्लजला, माहेर निपाणीला. केस कर्नाटकात की महाराष्ट्रात?

जिथं तुम्ही आत्ता राहता, तात्पुरतं का होईना, तिथं करता येते. म्हणजे निपाणीत. नवरा राहतो तिथं किंवा घटना घडली तिथंही करता येते. निवड तुमची. निपाणीच्या कोर्टाचा आदेश गडहिंग्लजलाही लागू, कारण तो भारतभर चालतो. छळाच्या फिर्यादीचंही तसंच: माहेरी आसरा घेतलेल्या बाईला तिथंच फिर्याद देता येते, असं सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये सांगितलं. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून ठाण्यातून हाकललं, तर झिरो एफआयआर हा शब्द वापरा. हद्द कुणाचीही असो, नोंद करून पुढं पाठवावी लागते.

अडचण येते ती कागदांची. लग्नाचा दाखला महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा, आधारवर सासरचा पत्ता. माहेरच्या रेशन कार्डाची प्रत, मुलाच्या शाळेचा दाखला किंवा घरमालकाचं पत्र, असं काहीतरी इथं राहत असल्याचं जोडा.

8. पुरावा काहीच नाही, आणि शेजारी म्हणतात आम्हाला यात ओढू नका.

शेजारी तसं म्हणणारच, त्यांना तिथंच राहायचंय. तरी अर्ज द्या. बाईचं शपथेवरचं सांगणं हाही पुरावाच. दवाखान्याचा कागद असेल तर उत्तम, पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘पडले’ सांगू नका. व्हॉट्सॲपचे मेसेज असतील तर स्क्रीनशॉटवर थांबू नका. ज्या फोनवर आले तो फोन जपा, तो विकला की पुरावा पांगळा होतो. 112 ला केलेल्या फोनची नोंद राहते. माहेरच्यांना तेव्हाच सांगितलं असेल तर तेही साक्षीदार.

संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल नमुना 1 मध्ये लिहितात. तो असला तर चांगलं, पण त्याच्यावाचून अर्ज अडत नाही, हे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं.

9. निकालाला किती दिवस लागतात?

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल शक्यतो 60 दिवसांत. प्रत्यक्षात महिने जातात, कधी वर्षंही. खोटं कशाला सांगू?

म्हणूनच मूळ अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम आदेशाचा अर्ज द्या, कलम 23 खाली. त्याला नमुना 3 मधलं शपथपत्र लागतं. धोका दिसला तर समोरच्याला ऐकण्याआधीही कोर्ट तात्पुरता आदेश देऊ शकतं. ज्या बाया हा दुसरा कागद विसरतात त्या निकालाची वाट बघत त्याच घरात मार खात राहतात. तो विसरू नका. पोटगी मागत असाल तर दोघांनाही आपापल्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं.

10. तारखेला काय होतं? मी कधी कोर्टाची पायरी चढले नाही.

अकराच्या आत पोचा. दाराबाहेर त्या दिवशीची यादी लावलेली असते. नाव पुकारलं की उभं राहा, हात जोडायची गरज नाही, ‘हजर’ म्हणा. बहुतेक वेळा दोन मिनिटांत पुढची तारीख मिळते आणि एवढ्यासाठी आलो का असं वाटतं. तरी जा. तीन-चार तारखा चुकल्या की अर्ज निकाली निघू शकतो.

अर्जाला 16 अक्षरांचा सीएनआर नंबर मिळतो. तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. ऐकणाऱ्यांच्या गर्दीत सांगायला संकोच वाटत असेल तर बंद दाराआड सुनावणी मागता येते. पत्ता कर्नाटकातला असेल तर शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या सरकारी बसला तिकीट लागत नाही, ओळखपत्र तेवढं पर्समध्ये ठेवा.

11. घर सासूच्या नावावर आहे. ती म्हणते, माझ्या घरातून चालती हो.

नाव कुणाचं आहे यावर सगळं ठरत नाही. लग्नानंतर जिथं संसार म्हणून राहिलात ते सामायिक घर, मग ते सासू-सासऱ्यांचं असलं तरी, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलं आणि 2006 चा उलटा निकाल मोडीत काढला. कोर्टाच्या आदेशाशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही. पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. कोर्ट त्याच घराऐवजी भाड्याचं घर द्यायलाही सांगू शकतं.

यात एक खोच आहे. सासूविरुद्ध अर्ज करता येतो (पूर्वी ‘प्रौढ पुरुष’ ही अट होती, ती 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं काढली), पण नवऱ्याला जसं ‘घर सोड’ म्हणता येतं तसं सासूला म्हणता येत नाही. कायद्यातच बाईला त्यातून वगळलंय.

सासूनं ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली एसी, म्हणजे असिस्टंट कमिशनर साहेबांकडं अर्ज टाकला असेल, तर घाबरून घर रिकामं करू नका. त्या कायद्यानं सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप बुडत नाही. हे सांगणारा सुप्रीम कोर्टाचा 2020 चाच दुसरा निकाल आपल्याच राज्यातल्या, बेंगळुरूच्या प्रकरणातला आहे.

12. नवरा मिलिटरीत आहे. वर्षातून दोनदा येतो, पैसे पाठवत नाही.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात हा प्रश्न येणारच. केस करता येते. अर्जात त्याचा आर्मी नंबर, हुद्दा आणि युनिटचा पत्ता लिहा, म्हणजे नोटीस फिरून परत येणार नाही. कोर्ट त्याच्या पगारातून परस्पर कापून द्यायला सांगू शकतं. शिवाय कोर्टाच्या बाहेरही एक वाट आहे: युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला पत्र. बायकोमुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करायची तरतूद आर्मी कायद्यात आहे. पत्र स्पीड पोस्टानं, लग्नाच्या दाखल्याची प्रत जोडून.

13. पंचांनी बसून बाँडवर लिहून घेतलंय, ‘यापुढं मारणार नाही’. आता केस काढून घे म्हणतात.

बाँड मोडला तर त्या कागदानं पोलीस काही करू शकत नाहीत. समेट खरा असेल तर तोच मजकूर कोर्टासमोर ठेवा आणि त्याप्रमाणे आदेश मागा. मग तोच शब्द मोडणं हा गुन्हा होतो. जो मनापासून सुधारणार आहे त्याला यात अडचण वाटत नाही. ज्याला वाटते त्याचं काय ते तुम्हीच ओळखा. कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकतं, पण तिथं ‘तूच जरा सांभाळून घे’ असं दडपण आलं तर न्यायाधीशांना सांगायचं.

14. आदेश मिळाला. तरी दारू पिऊन दारात येतो.

आदेशाची प्रत मोफत मिळते. एक ठाण्यात द्या, एक स्वतःजवळ, एक माहेरी. संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र आणि बिनजामीन गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आला की 112, आणि फोनवर पहिलं वाक्य हेच: ‘माझ्याकडे कोर्टाचा आदेश आहे.’ ठाण्यानं तक्रार घेतली नाही तर जिल्हा पोलीस प्रमुखांना (बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांना) पोस्टानं पाठवा, आणि त्याच न्यायाधीशांकडं अर्ज द्या.

15. लग्न झालेलं नाही, किंवा घटस्फोट झालाय, किंवा सगळं पाच वर्षांपूर्वीचं आहे. माझं बसतं का?

लग्नासारखं एकत्र राहिला असाल तर बसतं, पण त्याचं आधीच लग्न झालंय हे माहीत असून राहिलात तर अवघड जातं. त्यानं लपवलं असेल तर गोष्ट वेगळी. घटस्फोट झालेली बाई लग्न असतानाच्या हिंसेबद्दल मागू शकते. जुन्या गोष्टींवर एक वर्षाची मुदत लावून अर्ज फेटाळत असतील तर 2022 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगा: कलम 12 च्या अर्जाला ती मुदत नाही. धर्म कोणताही चालतो. बहीण, आई, विधवा भावजय, नात्यानं एकत्र घरात राहिलेल्या कुणाही बाईला हा कायदा आहे.

16. मला मुलगा मारतो. माझं वय 67.

तुम्हीही याच कायद्यात अर्ज करू शकता. शिवाय साठीच्या पुढच्या आईवडिलांना प्रश्न 11 मधला ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. अर्ज एसी ऑफिसात, बेळगाव, चिक्कोडी किंवा बैलहोंगल, जो तुमचा विभाग असेल तो. वडिलांना पहिला कायदा लागत नाही, तो बायकांचाच आहे, पण दुसरा लागतो. तिथं मूळ कायद्यात वकिलाला परवानगीच नाही, त्यामुळं साधं बोलता आलं की पुरतं.

17. शेवटी वकील लागतोच का?

अर्ज, अंतरिम आदेश, पहिल्या तारखा, इथपर्यंत बाया आपलं आपण करतात, मी पाहिलंय. उलटतपासणी आली, त्यानं घटस्फोटाचा किंवा ‘नांदायला ये’चा दावा लावला, किंवा 30 दिवसांच्या आत सेशन कोर्टात अपील करायची वेळ आली, की एकटीनं लढू नका. प्रश्न 4 मधल्या दुसऱ्या दारातून मोफत वकील मागा. त्याला एक पैसाही द्यायचा नसतो. मागितला तर, किंवा तो चार तारखांना आलाच नाही तर, समितीच्या सचिवांकडे दुसरा वकील द्या म्हणून एका पानाचा अर्ज द्या. मराठीत दिलात तरी चालेल, पोच तेवढी घ्या.